बीएस्सी करायचंय? मग आधी उन्हाळे मोज

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की मला आठ-दहा फोन येतात. मावशीच्या जावेचा मुलगा, शेजारच्या काकूंची भाची, कोणाचं कोणी. प्रश्न ठरलेला, ताई नीटचं काही जमलं नाही, सीईटीला पण बेताचेच आहेत, मग बीएस्सी घेऊ का? म्हणजे बीएस्सीचा नंबर कायम शेवटच्या पंगतीत, सगळं संपल्यावर जे उरलंय ते वाढा असं. आणि मागून आईचा आवाज येतो, अगं पण बीएस्सी करून पुढे काय, मास्तर होणार का.

मी स्वतः कराड भागातल्या एका कॉलेजातून फिजिक्स केलंय, दहावीपर्यंत मराठी मिडीयम, घरात सायन्सवालं कोणी नाही. आत्ता पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर काम करते. त्यामुळे जे लिहितेय ते थोडं माझ्या अनुभवातून आणि थोडं माझ्या बॅचच्या पोरापोरींचं काय झालं ते बघून. थेटच सांगते, बीएस्सीच्या नुसत्या कागदाला बाजारात फार किंमत नाही, पण त्या तीन-चार वर्षांत मधे ज्या सुट्ट्या येतात त्यात तू काय केलंस याला प्रचंड किंमत आहे. आता मोज, तीन वर्षांच्या डिग्रीत मधे उन्हाळे येतात दोनच, चार वर्षांच्या ऑनर्सला तीन. बस. एवढंच भांडवल आहे, आणि बहुतेक पोरं पहिला उन्हाळा लग्नं अटेंड करण्यात घालवतात (मी पण घालवला, सहा लग्नं होती).

बारावीत असशील तर हे आधी वाच

सीईटी आणि नीटच्या गडबडीत दोन फॉर्म राहून जातात. एक आयसरचा (केंद्र सरकारच्या सायन्सच्या शिक्षण-संशोधन संस्था), आयएटी म्हणतात त्याच्या परीक्षेला. देशात सात आयसर आहेत, पुण्याचं त्यातलं पहिल्या दोनांपैकी, २००६ चं, पाषाणला. परीक्षेत फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न, बरोबर आला तर ४ मार्क, चुकला तर १ वजा. बारावीला बायो नव्हतं किंवा मॅथ्स नव्हतं म्हणून फॉर्म न भरणारी पोरं मी बघितलीत, पण चारपैकी तीन विषय असले तरी बसता येतं. बंगलोरच्या आयआयएस्सीची चार वर्षांची बीएस रिसर्च आहे तिथेही हा स्कोअर चालतो, म्हणजे एका परीक्षेत दोन दारं, फक्त आयआयएस्सीचा अर्ज वेगळा. दुसरा फॉर्म नेस्टचा, त्यातून भुवनेश्वरचं नायसर (आयसरसारखीच संस्था) आणि मुंबईत कलिनाला युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमधे सीईबीएस आहे तिथे पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी करता येतं. मुंबईतल्याच कित्येक लोकांना सीईबीएस माहीत नसतं, अणुऊर्जा खात्याचं आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर (टाटांच्या नावाची मूलभूत संशोधन संस्था) इथली माणसं येऊन शिकवतात. फॉर्म साधारण मार्चपासून सुटतात, परीक्षा मे-जूनला, म्हणजे बोर्डाचे पेपर चालू असतानाच लक्ष ठेवायला लागतं.

नाही मिळालं तर? तर काही नाही, तालुक्याच्या कॉलेजातून पण होतं, फक्त तिथे वाढलेलं ताट समोर येत नाही, ताट घेऊन आपणच फिरायचं.

विषय घेताना

नवीन धोरणात मेजर-मायनर म्हणजे मुख्य-दुय्यम विषय आलंय आणि त्यात पोरं मायनर म्हणून जे सोपं, ज्याचे मार्क पडतात ते घेतात. इथे जरा थांब. फिजिक्स मेजर असेल तर मॅथ्स सोडू नको, पुढे एमएस्सी फिजिक्सला बऱ्याच ठिकाणी मॅथ्स होतं का असं विचारतात आणि तेव्हा उत्तर बदलता येत नाही. बायोवाल्यांनी जमलं तर स्टॅटिस्टिक्स घ्यावं, आजकाल बायोलॉजीतलं निम्मं काम आकड्यांचंच असतं. केमिस्ट्रीला लगेच नोकरी सगळ्यात जास्त, त्याबद्दल खाली लिहिते.

आणि जिऑलॉजी. कोणी घेत नाही, कॉलेजंही मोजकीच आहेत जिथे आहे, पण मला विचारशील तर महाराष्ट्रात राहून जिऑलॉजी न बघणं म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवणं. आपल्याकडचा जवळजवळ आख्खा सह्याद्री बेसॉल्टचा. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला तो धरणाच्या पाण्याशी जोडलेला म्हणून जगभर अभ्यासला जातो, आणि आमच्या कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची लॅब आहे जिने कोयना भागात जवळपास ३ किलोमीटर खोल बोअर घेतलंय, भूकंप जिथे होतात तो खडक बघायला. मी तिथून १५ किलोमीटरवर वाढले आणि मला हे एमएस्सीला गेल्यावर कळलं, ते पण एका बंगाली मैत्रिणीकडून. जिऑलॉजीत एमएस्सी केलंस की यूपीएस्सीची जिओसायंटिस्ट नावाची वेगळी परीक्षा असते, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे आणि भूजल बोर्डात क्लास वन पोस्ट मिळतात, आणि गर्दी कलेक्टर व्हायच्या परीक्षेपेक्षा कितीतरी कमी.

एफवायला अंगावर येणाऱ्या दोन गोष्टी

एक इंग्लिश. मराठी मिडीयमवाल्याला त्वरण, संवेग, क्षपण सगळं येत असतं, फक्त वर्गात सर अ‍ॅक्सिलरेशन म्हणाले की डोक्यात एक सेकंद थांबायला होतं आणि त्या एका सेकंदात पुढचं वाक्य निघून जातं. मी एक शंभर पानी वही केली होती, डावीकडे मराठी शब्द उजवीकडे इंग्लिश, रोज दहा. दिवाळीपर्यंत वहीची गरज संपली. अकरावी-बारावीतच हे झालं असेल असं लोकांना वाटतं पण नाही होत, क्लासच्या नोट्सवर बारावी पार पडते. आणि एक, सरांना मराठीत प्रश्न विचारायला लाजू नको, प्रश्न महत्त्वाचा, व्हायवाला पण एक्स्टर्नल बहुतेक मराठीच असतात.

दुसरी गोष्ट प्रॅक्टिकल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच बीएस्सीची वाट लागते. सीनियरचं जर्नल घ्यायचं, उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग अ‍ॅडजस्ट करायचं, सही घ्यायची, सुटलो. आमच्याकडे बार पेंड्युलमचा प्रयोग होता, पट्टी लोलकासारखी झुलवून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढायचा, सगळ्या बॅचचं उत्तर ९८० आलं, बरोब्बर, कारण सगळ्यांनी उलटं गणित करून रीडिंग लिहिलं होतं. माझं १०८६ आलं. म्हणजे मी फार प्रामाणिक वगैरे नव्हते, मला उलटं गणित जमलं नव्हतं एवढंच. सर जर्नल बघून हसले नाहीत, म्हणाले ऑसिलेशन मोजून दाखव. मी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हटलं एक, दोन, तीन… वीस, आणि थांबवलं. सर म्हणाले घड्याळ चालू करताना शून्य म्हणायचं असतं, तू एक म्हणालीस, म्हणजे तुझी वीस ही खरी एकोणीस. मग तिथेच फळ्यावर वीस भागिले एकोणीस, त्याचा वर्ग काढला, १.१०८ येतो, ९८० ला त्याने गुणलं की १०८६. माझी चूक अगदी दशांशापर्यंत सापडली होती. मला वाटतं मी त्या दिवशी फिजिक्सची झाले, त्याआधी नुसती अ‍ॅडमिशन होती.

तर सांगायचं काय, रीडिंग चुकलं तर खोडू नको, का चुकलं ते शोध. टायट्रेशनला एंड पॉइंट पुढे गेला तर किती थेंब जास्त गेले, त्याने उत्तर किती हललं ते काढ. पुढे इंटरव्ह्यूला हेच विचारतात. कुठल्याही बऱ्या संस्थेच्या मुलाखतीत, तुझ्या मार्कलिस्टवर एक नजर टाकतात आणि म्हणतात, बीएस्सीला कुठलं प्रॅक्टिकल आवडलं, त्यात एरर कुठून यायचा? तिथे कॉपी केलेलं जर्नल काही कामाचं नाही.

याशिवाय एफवायला पायथन शिकायला घे, कुठलाही विषय असो. फोनवर होतं असं म्हणतात पण नीट होत नाही, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधे बसायची परवानगी काढ. एनपीटीईएलचे लेक्चर फुकट आहेत, आयआयटीतल्या लोकांचे, झोप येणारे पण आहेत त्यात, दोन-तीन बदलून बघ.

आता उन्हाळे

पहिल्यांदा हे डोक्यात घे, मे महिन्यातलं काम दिवाळीच्या आसपास ठरतं. आपल्याकडे पोरं एप्रिलमधे पेपर संपले की विचारतात ताई कुठे इंटर्नशिप आहे का. एप्रिलमधे सगळ्या जागा भरलेल्या असतात.

सगळ्यात मोठं दार म्हणजे देशातल्या तिन्ही सायन्स अकॅडमी मिळून एक समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमधे काम, येण्याजाण्याचं भाडं आणि वर स्टायपेंड. फॉर्म हिवाळ्यात सुटतो. त्यात एक छोटं टिपण लिहायचं असतं की तुला काय करायचंय आणि का, आणि बहुतेकांचा अर्ज इथेच पडतो कारण ते नेटवरून उचलून लिहितात. माझ्या ओळखीच्या एका पोराने आमच्या गावच्या ओढ्यात पावसाळ्यानंतर फेस का येतो यावर लिहिलं होतं, मोडक्या इंग्लिशमधे, त्याची निवड झाली.

मग होमी भाभा सेंटर, विज्ञान शिक्षणाचं, मुंबईत मानखुर्दला, त्यांचा एनआययूएस म्हणून कार्यक्रम आहे, तो खास बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पोरांसाठी, म्हणजे पहिला उन्हाळा लग्नात घालवायचा नसेल तर हा बघ. टीआयएफआरचा व्हीएसआरपी नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे पण तिथे चुरस फार. मॅथ्सवाल्यांसाठी एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर, १९९३ पासून चालू आहे, चार आठवडे, तिथे शिकवणारे उत्तर सांगतच नाहीत, तुलाच फळ्यापाशी उभं करून का, का, का विचारत राहतात, पहिला आठवडा रडू येतं असं गेलेले सगळे सांगतात आणि परत जायचंय असंही सगळेच सांगतात. खगोलशास्त्र आवडत असेल तर पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था शेजारी शेजारी आहेत, दोघं मिळून डिसेंबरात रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीची विंटर स्कूल घेतात. ते जमलं नाही तर निदान २८ फेब्रुवारीच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जाऊन ये, सायन्स डेला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी उघडी असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातली एक जवळून बघितली की मान दुखते. एसटीने जाता येतं.

आणि हे सगळं हुकलं तरी चालेल. जवळची लॅब शोध. पुण्यात एनसीएल (केमिस्ट्री), आघारकर (बायो), एनसीसीएस (पेशींवरचं संशोधन), आयआयटीएम (पवईचं नाही, पाषाणचं, हवामानवालं, त्यांची ढगांचा अभ्यास करणारी लॅब महाबळेश्वरला आहे). पनवेलला भूचुंबकत्वाची संस्था आहे, तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चालू आहे, कुलाब्याची वेधशाळा हलवावी लागली कारण मुंबईत ट्राम विजेवर चालवायच्या होत्या आणि त्याने चुंबकसूच्या बिघडल्या असत्या. गोव्यात दोनापावलाला एनआयओ, समुद्रविज्ञान. वास्कोला एनसीपीओआर, तेच अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती स्टेशनं चालवतात. केमिस्ट्री, बायो, जिऑलॉजी, फिजिक्स सगळ्यांना तिथे काम असतं.

अशा ठिकाणी मेल टाकायचा. मेल कसा टाकायचा यावर आमच्याकडे कोणी शिकवत नाही म्हणून सांगते. शंभर जणांना एकच मेल पाठवायचा नाही, रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम दिसलं की तो वाचलाच जात नाही. पाच माणसं निवड. त्यांच्या वेबपेजवर जा, एखाद्या पेपरचा निदान सारांश वाच, सगळं कळणार नाही, कोणालाच कळत नाही, पण एक गोष्ट कळेल. मेलमधे पहिल्या ओळीत नाव, कॉलेज, वर्ष. दुसरीत ती एक गोष्ट जी तुला कळली आणि त्यावर तुझा खरा प्रश्न. तिसरीत तुला काय येतं, पायथन थोडं येतं, टायट्रेशन नीट येतं, जे असेल ते खरं. चौथीत तारखा, अमुक ते अमुक मी मोकळी आहे, राहायची सोय मी करेन. संपलं. आठ ओळींच्या वर नको. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण, मग सोडून दे. माझ्या पहिल्या अकरा मेलला उत्तर नाही, बाराव्याला आलं, नकाराचं, पण त्यात अजून एकाचं नाव दिलं होतं.

पैशाचं

बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असशील आणि बीएस्सी घेतलंस तर इन्स्पायर स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी. इंजिनिअरिंगला हे मिळत नाही. बाकी महाडीबीटीवरचे फॉर्म वेळेत भर, कॉलेजात कमवा आणि शिका असेल तर घे, लाजायचं काय त्यात, लायब्ररीत ड्युटी मिळाली तर वाचायलाही मिळतं.

पुढे काय काय

आता मास्तरवाल्या प्रश्नाचं उत्तर. संशोधनाकडे जायचं असेल तर शेवटच्या वर्षी जॅम दे, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते, फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमधे. सात विषय, १०० मार्क, ६० प्रश्न, आणि निगेटिव्ह फक्त पहिल्या भागात, बाकी दोन भागांत नाही, त्यामुळे आकडा भरायचे प्रश्न आधी सोडव. आयआयटीत एमएस्सीची फी इंजिनिअरिंगपेक्षा खूप कमी असते हे घरी सांग, घरचे आयआयटी नाव ऐकूनच निम्मे तयार होतात. जॅमवरच आयआयएस्सीचं इंटिग्रेटेड पीएचडी मिळतं. एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट, त्यात जेआरएफ म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप लागली की महिन्याला ३७,००० आणि घरभाडं वेगळं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडीच्या फेलोशिप आहेत. किंवा भाभाचं ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासूनचं, एक वर्ष पगारी शिक्षण आणि मग थेट सायंटिफिक ऑफिसर. चार वर्षांचं ऑनर्स ७५ टक्क्यांनी केलं तर एमएस्सी न करताही पीएचडीला जाता येतं आता, पण मी घाईने हा सल्ला देणार नाही, एमएस्सीचं पहिलं वर्ष डोकं घडवतं.

लगेच नोकरी हवी असेल तर केमिस्ट्री. वाळूज, तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे, गोव्यात वेर्णा, सगळीकडे औषध आणि केमिकल कंपन्यांना क्यूसीला, म्हणजे मालाची तपासणी करायला, माणसं लागतात. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) हाताळता आलं तर पहिल्या दिवसापासून फरक पडतो, आणि जाहिरातीत एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट असं दिसेल, ते अप्रूव्हल कामाचा अनुभव झाल्यावर मिळतं, ते मिळालं की पगार बोलायला तोंड येतं. नाइट शिफ्ट असते, हेही सांगून ठेवते.

फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही, एअर ट्रॅफिक कंट्रोलर. एअरपोर्ट अथॉरिटीच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्हला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन केलेलं बीएस्सी चालतं. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट एसएससीतून अधूनमधून निघतात. यूपीएस्सीची इंडियन फॉरेस्ट सर्व्हिस तर ठराविक सायन्स विषय, शेती, फॉरेस्ट्री किंवा इंजिनिअरिंगच्या डिग्रीशिवाय देताच येत नाही, साधे बीए-बीकॉमवाले त्यात नसतात. फॉरेन्सिक लॅब आहेत, बँका आहेत, डेटावाल्या कंपन्या आहेत, पायथन शिक म्हटलं ते उगीच नाही.

आणि प्राध्यापकी. इथे मी गोड बोलणार नाही. नेट-सेट होऊन, पीएचडी होऊन माझ्या ओळखीचे लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं शिकवतायत, दोन-दोन कॉलेजांत स्कूटर मारत, सुट्टीतले पैसे नाहीत. शिकवायची खरी आवड असेल तर जरूर जा पण हातात दुसरं काही तरी ठेव. नुसतं बाकी काही सुचलं नाही म्हणून तिकडे जाऊ नको.

परदेशाचं थोडक्यात, जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत एमएस्सीला ट्युशन फी नाही (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे, सेमिस्टरला १,५०० युरो), पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात आणि एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री-मार्कलिस्ट तपासल्याचं) लागतं, ते वेळखाऊ आहे. अमेरिकेत सायन्सचं पीएचडी साधारण स्वतःच्या पैशाने करायचं नसतं, शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामावर फी माफ आणि पगार असतो, फक्त बऱ्याच ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे चार वर्षांची ऑनर्स किंवा एमएस्सी उपयोगी.

या सगळ्या फॉर्मांमधे एक गोष्ट सारखी आहे, तुला ओळखणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं शिफारसपत्र. त्यासाठी निदान एका माणसाला तुझं नाव माहीत असायला पाहिजे, रोल नंबर नाही, नाव. प्रॅक्टिकल संपल्यावर दहा मिनिटं थांबून प्रश्न विचारत जा, तेवढ्याने होतं. पत्र मागताना निदान दोन आठवडे आधी सांग, सोबत तुझं टिपण दे म्हणजे त्यांना लिहायला सोपं जाईल. आणि पत्र अपलोड करायची लिंक त्यांना मेलवर जाते, ती स्पॅममधे जाते, तेव्हा स्टाफरूममधे जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहून स्पॅम उघडायला लाव. माझ्या सरांना ती शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला सापडली, आणि त्यांच्या घरी लाईट नव्हती.